प्रतिसरकार आणि पत्री सरकार : एका नावाची व्युत्पत्ती व तिचे साक्षीमूल्य

सातारा जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १९४३ पासून १९४६ पर्यंत जी भूमिगत राज्यव्यवस्था चालली, तिची दोन नावे मराठीत रूढ आहेत. ग्रंथांत, पाठ्यपुस्तकांत आणि स्मारकांवर ‘प्रतिसरकार’ हे नाव आढळते. कृष्णाकाठच्या बोलण्यात मात्र ‘पत्री सरकार’ हेच प्रचारात आहे. पहिल्या नावाचा अर्थ विचारावा लागत नाही. दुसऱ्याचा अर्थ विचारला की उत्तरादाखल एक कथा ऐकू येते : सरकारला बातम्या पुरवणाऱ्या माणसाच्या तळपायांना घोड्याच्या पायाला ठोकतात तसे लोखंडी पत्रे ठोकीत असत, म्हणून ते पत्री सरकार. चळवळीतील अनेकांनी या कथेचा इन्कार केला आहे. तरीही ती टिकून आहे, आणि तिच्या समर्थनार्थ पुढे येणारा मुख्य पुरावा म्हणजे ते नावच. पत्रे ठोकीत नसतील तर पत्री सरकार हे नाव पडले कसे, असा हा युक्तिवाद आहे. नावावरून घटना सिद्ध करण्याचा हा मार्ग कितपत ग्राह्य आहे, हे ठरवणे इतिहासकाराइतकेच भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचेही काम ठरते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. वाळवा, शिराळा, तासगाव आणि खानापूर हे तालुके त्यात मोडत. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याच्या अंगात औंध, सांगली, मिरज, फलटण अशा संस्थानांचे तुकडे ठिकठिकाणी शिरलेले होते. ब्रिटिश हद्दीतील गाव आणि संस्थानी गाव यांच्यामध्ये पुष्कळदा एक ओढाच काय तो असे. पाठलागावरील पोलिसांना तो ओढा मोठा असे, पळणाऱ्याला लहान. ऑगस्ट १९४२ च्या ठरावानंतर येथे प्रथम मोर्चे निघाले. कराड, तासगाव, वडूज आणि इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर हजारो शेतकरी चालून गेले. ९ सप्टेंबर रोजी वडूज येथे आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर येथे गोळीबार झाला. वडूजला परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण मृत्युमुखी पडले. उघड्या मोर्चाचा मार्ग येथे संपला. पुढील वर्षभरात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिगत कार्यकर्त्यांचे गट बांधले गेले; कुंडलचा गट, वाळव्याचा गट अशी त्यांची नावे गावांवरून पडली. गावोगावी पंचांची न्यायदान मंडळे बसू लागली, दारूबंदी व कमी खर्चाची ‘गांधी लग्ने’ सुरू झाली, आणि जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर, पांडू मास्तर ही नावे तोंडोतोंडी झाली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेगाडी अडवून सरकारी पैसा काढून घेण्यात आला. २४ जुलै १९४३ ला वसंतराव पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्या झटापटीत अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांना प्राण गमवावे लागले. या घटनांचे वर्णन इतरत्र विपुल आहे, येथे ते वाढवण्याचे कारण नाही.

नावाकडे वळू. ‘प्रति’ या उपसर्गाचे मराठीत दोन अर्थ जिवंत आहेत. एक विरोधाचा : प्रतिपक्ष, प्रतिकार, प्रतिस्पर्धी. दुसरा प्रतिरूपाचा किंवा बदलीचा : प्रतिमा, प्रतिनिधी, प्रतिबिंब. एखाद्या गावाला प्रतिपंढरपूर म्हणतात तेव्हा त्यात विरोध मुळीच नसतो. पंढरपुरास जाऊ न शकणाऱ्यांसाठी तेच पंढरपूर, एवढाच अर्थ असतो. ‘प्रतिसृष्टी’ या शब्दात मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. विश्वामित्राने निर्माण केली ती सृष्टी इंद्राच्या सृष्टीसारखी होती आणि इंद्राला आव्हान देण्यासाठीही होती. प्रतिसरकार हा शब्द याच साच्यातला आहे. बंगालमध्ये मिदनापूर जिल्ह्यात डिसेंबर १९४२ मध्ये जे सरकार स्थापन झाले त्याने ताम्रलिप्त जातीय सरकार, म्हणजे राष्ट्रीय सरकार, असे नाव धारण केले. इंग्रजी लेखनातील संज्ञेवरून आपल्याकडे ‘समांतर सरकार’ हा शब्दही चालतो, पण समांतर रेषा एकमेकींना कधी भेटत नाहीत. साताऱ्यातील दोन सरकारे रोज रात्री एकमेकांना भेटत होती. ‘प्रति’ हाच उपसर्ग येथे अन्वर्थक होता.

परंतु हा उपसर्ग पंडिती आहे, आणि प्रश्नाचा उगम तेथेच आहे. जुन्या काळी लोकांच्या मुखात ‘प्रति’ आले तेव्हा त्याचे प्राकृतद्वारा ‘पडि’ झाले आणि पुढे मराठीत ‘पड’ किंवा ‘पाड’ असे अवशेष उरले : प्रतिशब्दापासून पडसाद, प्रतिच्छायेपासून पडछाया, प्रतिपदेपासून पाडवा. अर्वाचीन काळात संस्कृत शब्द पुन्हा उसने घेतले गेले, तेव्हा ग्रामीण उच्चाराने त्यांच्यावर निराळी क्रिया केली. आरंभीच्या जोडाक्षरात स्वर घालून ते सोडवणे, म्हणजे स्वरभक्ती, ही ती क्रिया होय. प्रसाद हा परसाद होतो, प्रपंच परपंच, प्रधान परधान, प्रताप परताप. या नियमाने प्रतिसरकारचे ‘परतीसरकार’ व्हावयास हवे होते. ते झाले नाही.

‘पत्री’ या रूपात जे घडले तो वर्णविपर्यय आहे. ‘प’च्या मागे असलेला ‘र’ पुढे सरकून ‘त’ला जाऊन मिळाला, प-र-त या क्रमाचा प-त-र झाला. वर्णविपर्यय मराठीला अपरिचित नाही. नुकसानीचे नुसकान होते, मतलबाचा मतबल होतो. कृष्णेचा डोह ज्याला म्हणतात तो शब्दही मुळात ‘ह्रद’. ‘ह’ आणि ‘द’ यांची उलटापालट होऊन, ‘द्रह’ या रूपातून, तो आपल्यापर्यंत आला. तेव्हा ‘प्रति’चे ‘पत्री’ होणे ध्वनिदृष्ट्या शक्य आहे, एवढे मान्य करावे लागेल. मात्र ‘शक्य आहे’ आणि ‘म्हणून झाले’ यांत अंतर असते, आणि पुष्कळ व्युत्पत्तिकार ते अंतर एका उडीत पार करतात.

येथे एक विरोधी उदाहरण उपयोगी पडते, आणि ते नेमके त्याच मातीतले आहे. प्रतिसरकारचे मोठे केंद्र असलेले कुंडल हे गाव औंध संस्थानात होते. औंधच्या अधिपतींचे पद पंत प्रतिनिधी. राजारामाच्या काळी निर्माण झालेली ही पदवी त्या घराण्याने पिढ्यानपिढ्या मिरवली आणि कुंडलच्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या उच्चारली. तिचे ‘पत्रिनिधी’ कधी झाले नाही. ‘प्रतिज्ञा’चे ‘पत्रिज्ञा’ झाले नाही, ‘प्रतिष्ठे’ची ‘पत्रिष्ठा’ झाली नाही. एकच उपसर्ग, त्याच जिभा, तोच प्रदेश. आणि तरी विपर्यय एकाच शब्दात घडला. नियमित ध्वनिपरिवर्तन असे एका शब्दापुरते थांबत नसते. जेव्हा ते एका शब्दापुरते घडते तेव्हा त्या शब्दाला कोणीतरी आपल्याकडे ओढले आहे असे समजावे. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाचे रूप देण्याच्या या प्रवृत्तीस लोकव्युत्पत्ती असे नाव आहे.

ओढणारा शब्द शोधण्यास दूर जावे लागत नाही. गणपतीला वाहतात ती पत्री आणि मसाल्यातील जायपत्री बाजूला ठेवली, तरी शेतकऱ्याच्या घरात आणखी एक पत्री होती. बैलाच्या खुरांना जे लोखंडी तुकडे ठोकतात त्यांना पत्री म्हणतात. घोड्याचा खूर अखंड असतो, म्हणून त्याला वाटोळी नाल बसते. बैलाचा खूर दुभंगलेला. त्याच्या प्रत्येक अर्ध्याला निराळा चपटा तुकडा लागतो. खडीच्या रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या बैलाला पत्री मारल्याशिवाय गत्यंतर नसे. बैलाला दोरखंडाने पाडावयाचे, पाय एकत्र बांधून खूर वर करावयाचे आणि मग खिळे ठोकावयाचे, हे दृश्य गावातल्या पोरासोरांनीही पाहिलेले असे. ‘प्रति’ हा शब्द ज्याच्या घरात नव्हता त्याच्या गोठ्यात ‘पत्री’ होती.

या ठिकाणी कथेतील एक विसंगती ध्यानात येते. अनेक लिखित निवेदनांत उपमा घोड्याची दिलेली असते. पण घोड्याला ठोकतात ती नाल. कथा घोड्यावरून निघाली असती तर नावात नाल दिसली असती. ‘पत्री’ या नावाचा उलगडा केवळ बैलाच्या उपमेने होतो. म्हणजे कथेच्या या घोडेवाल्या पाठात, ज्या नावाचे स्पष्टीकरण करावयाचे त्याचेच मूळ हरवले आहे. सांगणाऱ्याला नाव ऐकू आले होते, पत्रा माहीत होता, गोठा माहीत नव्हता.

आता शिक्षेविषयी. कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, ज्यांना तो प्रदेश कॅप्टन भाऊ म्हणून ओळखत असे, तुफान सेनेच्या पथकांत होते. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी पत्रकार पी. साईनाथ यांना जी हकीकत सांगितली तीत आडपडदा नाही. पोलिसांचा हस्तक कोण हे कळले की रात्री त्याच्या घराला वेढा घालावयाचा, त्याला व त्याच्या एका साथीदाराला गावाबाहेर न्यावयाचे, घोट्यांमध्ये दांडके घालून पाय बांधावयाचे, उलटे धरून तळव्यांवर काठ्या मारावयाच्या. इतर अंगाला हात लावावयाचा नाही. मग त्या साथीदाराच्याच पाठीवर घालून त्याला घरी पोचवावयाचे. पुढे कित्येक दिवस त्याला नीट चालता येत नसे. पत्री सरकार हे नाव यावरूनच पडले असे कॅप्टन भाऊंचे सांगणे होते.

हे सांगणे दोन भागांत वाचावे लागेल. शिक्षेचे वर्णन हा प्रत्यक्षदर्शी पुरावा आहे, आणि सांगणाऱ्याच्या बाजूला गैरसोयीचा असल्याने अधिकच वजनदार आहे. नावाची उपपत्ती हा पुरावा नव्हे. तो अनुमानाचा भाग आहे, आणि अनुमान करण्याचा अधिकार सेनापतीला इतरांपेक्षा अधिक असतो असे नाही. एकाच नावाची पत्रे ठोकण्याची एक, काठ्यांची दुसरी, निव्वळ अपभ्रंशाची तिसरी अशी स्पष्टीकरणे एकाच पिढीत आणि एकाच तालुक्यात प्रचलित असावीत, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. ‘तुफान सेना’ या नावाची तीन स्पष्टीकरणे कोणी देत नाही. ज्या नावाचे कारण सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले असते त्याबद्दल तर्क लढवले जात नाहीत. तर्क लढवले जातात ते नाव आधी कानावर आले आणि कारण मागाहून शोधले तेव्हा.

यावरून घटनांचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येतो. ‘प्रतिसरकार’ हे नाव सुशिक्षित कार्यकर्त्यांकडून गावात आले. ऐकणाऱ्याने ते ‘पत्री’ या ओळखीच्या शब्दात बसवले. या पायरीवर अर्थाचा संबंध असण्याची गरज नव्हती, नादसाम्य पुरे होते. त्याच सुमारास तळव्यांवर मार बसलेली माणसे गावात दिसू लागली. पाय बांधलेले, तळवे वर केलेले, वरून घाव, आणि नंतर पत्री मारलेल्या बैलासारखी जपून टाकलेली पावले. नावातील ‘पत्री’ आणि हे दृश्य यांची गाठ पडणे अपरिहार्य होते. ‘त्याला पत्री मारली’ हा प्रयोग लक्षणेने अर्थपूर्ण झाला. ऐकणाऱ्याला त्यात मारही कळला आणि त्यामागचा क्रूर विनोदही. तिसऱ्या पायरीवर हा प्रयोग ज्यांनी गावाबाहेर ऐकला त्यांनी लक्ष्यार्थ सोडून वाच्यार्थ धरला. खिळे आणि पत्रे खरे झाले. अफवेला एवढेच पुरते. सरकारपक्षाला अत्याचाराची ही कथा सोयीची होती, पण ती पसरावी याची सोय चळवळीलाही अगदीच नव्हती असे म्हणवत नाही. ज्याच्या नुसत्या नावाने खबऱ्याची झोप उडते त्या सरकारला काठ्या कमी चालवाव्या लागतात.

खबऱ्या या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण संपूर्ण प्रकरणाचा भार त्याच्यावर आहे. मराठीत गुप्त बातमीशी संबंधित शब्दांची दोन कुळे आहेत. हेर, जासूद, बातमीदार हे आपल्या बाजूसाठी काम करणाऱ्याचे शब्द. बहिर्जी नाईक हा हेर होता, त्याला कोणी खबऱ्या म्हणत नाही. फितूर, घरभेदी, खबऱ्या हे शब्द परक्या बाजूसाठी काम करणाऱ्याचे. काम एकच, डोळे आणि कान तेच, फरक केवळ बोलणारा कोठे उभा आहे याचा. आणि ज्या प्रदेशात दोन सरकारे आहेत तेथे एकाचा बातमीदार हा दुसऱ्याचा खबऱ्या असणार. नाना पाटील यांची कन्या हौसाबाई आणि त्यांचे सहकारी यांनी १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर कौटुंबिक भांडणाचा बनाव केला, पोलीस ते सोडवण्यासाठी बाहेर आले, आणि तेवढ्यात इतरांनी आतील शस्त्रे उचलली. चळवळीच्या इतिहासात हा प्रसंग चातुर्याचा म्हणून सांगितला जातो, तो आहेही तसा. पण ज्या गावात नवराबायकोचे भांडणसुद्धा खरे की खोटे हे ओळखता येत नाही, त्या गावात कोणाला खबऱ्या ठरवावे हेही सोपे राहत नाही.

हीच अडचण एका कोरियन चित्रपटाने आपल्या केंद्रस्थानी ठेवली आहे, आणि तुलनेसाठी तो येथे विचारात घेण्याजोगा आहे. किम जी-वून यांचा हा चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. त्याचे कोरियन नाव ‘मिलजोंग’. ‘मिल’ म्हणजे गुप्त आणि ‘जोंग’ म्हणजे टेहळणी, असे दोन चिनी मूळ असलेले घटक त्यात आहेत. परंतु जपानी राजवटीच्या संदर्भात या शब्दाला जो वास आहे तो आपल्या ‘खबऱ्या’ आणि ‘घरभेदी’ यांच्या जवळचा आहे. इंग्रजी नावात हे सारे गेले. तेथे छायांच्या युगाचा उल्लेख आहे, गुप्तचराचा नाही. कोरिया १९१० पासून १९४५ पर्यंत जपानच्या ताब्यात होता. १९१९ साली कोरियन देशभक्तांनी शांघाय येथे हंगामी सरकार स्थापन केले, आणि त्याच वर्षी मांचुरियात ‘उइयोलदान’ ही सशस्त्र संघटना निघाली. चित्रपटातील मुख्य पात्र जपानी पोलिसांच्या नोकरीतला कोरियन अधिकारी आहे. सोंग कांग-हो यांनी ती भूमिका केली आहे. त्याने क्रांतिकारकांत शिरावे म्हणून वरिष्ठ त्याला पाठवतात, आणि क्रांतिकारक त्याला आपल्याकडे ओढतात. शांघायहून आजच्या सोलकडे स्फोटके घेऊन निघालेल्या आगगाडीत प्रेक्षकाला प्रत्येक क्षणी एकच प्रश्न पडलेला असतो : हा माणूस कोणाचा? दिग्दर्शकाने या प्रश्नासाठी भाषेचाही उपयोग केला आहे. तोच माणूस वरिष्ठांशी जपानी बोलतो आणि संशयितांशी कोरियन. दोन्ही भाषांत तो सारख्याच सराईतपणे वावरतो आणि नेमके तेच त्याच्यावरील संशयाचे कारण होते.

कथेला आधार १९२३ च्या एका खऱ्या प्रकरणाचा आहे. ह्वांग ओक नावाचा कोरियन पोलीस अधिकारी स्फोटकांच्या वाहतुकीत क्रांतिकारकांसह पकडला गेला. तो पोलिसांच्या आज्ञेवरून त्यांच्यात मिसळला होता, की पोलिसांच्या वेषात त्यांचाच होता, याविषयी कोरियन अभ्यासकांत आजही एकमत नाही. चित्रपटाने आपला निर्णय दिला आहे. कलाकृतीला तो अधिकार आहे. इतिहासापुढे मात्र ‘मिलजोंग’ हे विशेषण त्याला लावावे की नाही हा प्रश्न शिल्लकच आहे, आणि तो सुटेपर्यंत त्या नावाने त्याच्यासंबंधी काहीही सिद्ध होत नाही.

दोन प्रकरणांतील एक भेद सांगितला पाहिजे, नाहीतर तुलना दिशाभूल करील. शांघायच्या सरकारजवळ नाव होते, घटना होती, मंत्री होते. पायाखाली कोरियाची भूमी नव्हती. साताऱ्याच्या सरकारला पायाखाली गावे होती, आणि नाव मात्र गावाने आपल्या मनाप्रमाणे बदलून घेतले. भाषेची स्थितीही निराळी होती. कोरियात राज्यकर्त्यांनी भाषेवरच हात टाकला. १९४० पासून जपानी धर्तीची नावे घेण्याची सक्ती झाली. १९४२ च्या ऑक्टोबरात, म्हणजे वडूजच्या गोळीबारानंतर महिन्याभराने, कोरियन भाषा संस्थेच्या सभासदांची धरपकड सुरू झाली आणि त्यांच्या शब्दकोशाचे हस्तलिखित जप्त झाले. त्यांतील दोघे विद्वान, ली युन-जे आणि हान जिंग, तुरुंगात वारले. ते हस्तलिखित सप्टेंबर १९४५ मध्ये सोलच्या रेल्वे स्थानकावरील गोदामात सापडले. साताऱ्यात मराठीवर बंदी नव्हती. तलाठ्याचे दप्तर मराठीतच होते, आणि नाना पाटील स्वतः चळवळीत येण्यापूर्वी तलाठी होते. येथे झुंज भाषेच्या आत झाली : सरकारी मराठी, सुशिक्षित कार्यकर्त्यांची संस्कृतप्रचुर मराठी आणि गोठ्यातली मराठी यांच्यात. नाना पाटील सभांत तिसरीत बोलत. शाहीर शंकरराव निकमांनी चळवळ पोवाड्यांतून गावोगाव नेली. प्रतिसरकारचे पत्री सरकार झाले ते अशा वातावरणात, जेथे वरून आलेला प्रत्येक शब्द खाली येताना आपले कपडे बदलत होता.

आता मूळ युक्तिवादाकडे. ‘पत्री’ हे नाव पत्रे ठोकल्याचा पुरावा ठरू शकत नाही, कारण त्या नावाची उपपत्ती पत्रे न ठोकताही पूर्णपणे लागते. परंतु याच्या उलट बाजूचा युक्तिवादही तितकाच सदोष आहे, आणि सभ्य लेखनात तो अधिक आढळतो : ‘पत्री’ हा निव्वळ अपभ्रंश असल्याने त्यामागील शिक्षेची गोष्टही खोटी. शब्दाची व्युत्पत्ती शुद्ध केल्याने तळव्यांवरील वळ पुसले जात नाहीत. न्यायदान मंडळापुढे जमिनीचा किंवा सावकारीचा तंटा येई तेव्हा दोन्ही बाजू पंचांसमोर आपले म्हणणे मांडत. खबऱ्याचा निवाडा रात्री, गावाबाहेर, हातात काठ्या असलेल्यांकडून होई. त्यांतील किती जण खरोखर खबरे होते, हे त्या नावाच्या अभ्यासाने ठरणार नाही. ‘प्रतिसरकार’ या शब्दात पहिल्या प्रकारचा न्याय दिसतो आणि ‘पत्री सरकार’ या शब्दात दुसऱ्या प्रकारचा. ज्याला एकच नाव वापरावयाचे आहे त्याने आपण कोणती संस्था नजरेआड करीत आहोत याची जाणीव ठेवावी.

१९४६ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात पुन्हा अधिकारावर आल्यावर भूमिगतांवरील वॉरंटे मागे घेतली गेली आणि ही व्यवस्था विसर्जित झाली. त्यानंतर ‘पत्री’ या शब्दातील भीती हळूहळू उतरली. आज सांगली-सातारा भागात ‘आमचे आजोबा पत्री सरकारात होते’ असे म्हटले जाते ते अभिमानाने, आणि पुष्कळदा बोलणाऱ्याला बैलाची पत्री कधी दिसलेली नसते. रबरी टायरची गाडी आणि ट्रॅक्टर आल्यापासून तो जोडशब्दही कोशाच्या दिशेने निघाला आहे. अशा वेळी ऐतिहासिक शब्दकोशात नोंद करावयाची झाल्यास ती पुढीलप्रमाणे असावी. पत्री सरकार, नपुंसकलिंगी. प्रतिसरकार या शब्दाचे सातारा व सांगली भागातील बोलीरूप. वर्णविपर्ययाने व ‘पत्री’, म्हणजे बैलाच्या खुराचा लोखंडी तुकडा, या शब्दाच्या आकर्षणाने सिद्ध. खबऱ्याच्या तळव्यांवर काठ्या मारण्याच्या शिक्षेशी लक्षणेने जोडलेले. पत्रे ठोकण्याची कथा नावानंतरची.